पिशवीभर वारं

फुप्फुस आमच्या मशीनला दिसत नाही. एमआरआयवर जन्म काढलेल्या माणसानं पहिल्याच ओळीत असं सांगणं काही शोभेचं नाही, पण आहे ते आहे. मेंदू दिसतो, मणका दिसतो, गुडघ्यातली फाटलेली गादी दिसते, पोटातला नको तो गोळाही दिसतो. छातीवर आलं की दोन काळे खड्डे. डॉक्टर लोक तिकडं बघतही नाहीत. मी बघतो. का बघतो तेच सांगायचं आहे.

आधी मशीनचं सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. एमआरआय म्हणजे एक भलंमोठं चुंबक. माणूस आत सरकवला की ते त्याच्या अंगातल्या पाण्याला हाक मारतं, पाणी ओ देतं, आणि कुठून किती ओ आली त्यावरून चित्र तयार होतं. बस, एवढंच. एक्सरेसारखी किरणं नाहीत, शॉक नाही, काही नाही, फक्त ठणाठणा आवाज. आता फुप्फुसात पाणी थोडं आणि हवाच जास्त. हवेकडून ओ येत नाही. जिथून ओ नाही तिथं मशीन काळं रंगवतं. म्हणजे तिथं काही नाही असं नाही. मशीनला ऐकू आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि चुंबक म्हणजे चुंबक. धाराशिवला मी ज्या सेंटरवर काम केलं तिथं दारावरच बजावायचो, धातूचं काही अंगावर ठेवू नका. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे एक आजोबा आले होते, कंबरेच्या दुखण्यासाठी. किल्ल्या, करदोटा, मोबाईल, सगळं विचारून झालं. "न्हाय बाबा, काय न्हाय," म्हणून शपथेवर सांगितलं त्यांनी. आत पाऊल टाकलं आणि कनवटीला खोचलेला अडकित्ता सुसाट निघाला तो मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटला. नशीब, मधे कुणी नव्हतं. वर आजोबा माझ्यावरच तापले, "माझ्या बापाचा हाय तो, आधी काढून दे." त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. अडकित्ता त्यांच्या लेखी धातूचा नव्हताच, पानाचा होता. तेव्हापासून मी धातूचं विचारत नाही, आधी पान खाता का ते विचारतो.

असे किस्से पुष्कळ आहेत, पण मला छातीबद्दल बोलायचं आहे, आणि छातीबद्दल बोलायचं म्हणजे अब्बांबद्दल बोलावं लागतं. त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले.

आम्ही पिंजारी. लोहाऱ्यात एसटी स्टँडकडून तहसीलकडं जाताना डाव्या हाताला आमचं गाद्यांचं दुकान, मागं पत्र्याची शेड. अब्बांच्या तरुणपणी कापूस हातानं पिंजायचे. छताला टांगलेली मोठी कमान, तिला ताणून बांधलेली तात, त्या तातेवर लाकडी ठोकळ्यानं टोला द्यायचा की तुंई करून आवाज निघायचा आणि रुई उडून मोकळी व्हायची. पुढं मोटारीवरची मशीन आली. रुई अब्बा पिंजायचे, गाद्या अम्मी शिवायची. शेडमध्ये कायम धुकं पडल्यासारखं असायचं. अब्बांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं. लहानपणी मला वाटायचं, आपले अब्बा म्हातारेच जन्मले.

त्या शेडमध्ये एक कायदा होता. श्वास वरच्या वर घ्यायचा. तोंडावर फडकं बांधायचं, नाकानं थोडंसं घ्यायचं आणि टोल्याबरोबर सोडायचं. खोल घेतला की रुई आत जाते. मी शेडमध्ये खेळायला गेलो की अब्बा काम न थांबवता म्हणायचे, "वरच्या वर घे, रियाज. वरच्या वर." त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलेलं, वडलांना आजोबांनी. आमच्या घराण्याची विद्या म्हणाल तर ती हीच. जिना चढताना, नमाजात, झोपेतसुद्धा अब्बांचा श्वास गळ्याखाली उतरताना मी पाहिला नाही.

तरी दम लागायला लागला तो लागलाच. त्यांचे मोठे भाऊ, आमचे बडे अब्बा, तेही पिंजारी, दम लागूनच गेले होते. तेव्हापासून अब्बांनी मनात पक्कं धरलं होतं की रुई आत साचते, गोळा होतो, आणि एक दिवस तो गोळा दार बंद करतो. "माझ्या छातीत किती रुई हाय तेवढं बघून सांग," हे ते डॉक्टरला सांगायचे. डॉक्टर एक्सरे बघून म्हणायचे, चाचा, वयाप्रमाणं आहे, फार काही नाही. फुंकर मारायच्या तपासणीला बसवलं तर अब्बांनी नळीत अशी फुंकर घातली, जणू बशीतला चहा निववताहेत. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, पुरा श्वास घ्या आन् जोरात सोडा की." अब्बांनी पुन्हा वरच्या वर घेतला आणि पुन्हा चहा निववला. रुग्णानं पुरेसा जोर लावला नाही, असा शेरा पडला. अब्बा मला फोनवर म्हणाले, "जोर लावला न्हाय म्हणत्यात. आरं, रुईतल्या माणसाला जोरात वडायला कुणी शिकवलंय?"

मी तेव्हा इंग्लंडमध्ये होतो. सोलापूर, पुणे करत करत तिकडं कसा पोचलो ती कथा दुसऱ्या कुणाच्याही कथेसारखीच आहे, सोडून देतो. उत्तरेकडच्या एका शहरात मोठं इस्पितळ, त्याला जोडलेलं संशोधन केंद्र. आणि तिथं, माझ्या नशिबाची गंमत बघा, मला काम मिळालं ते फुप्फुसाचं एमआरआय काढायचं.

दिसत नाही ते फुप्फुस दाखवायची युक्ती तिथं होती. झेनॉन नावाचा एक वायू आहे. आपल्या भोवतालच्या हवेतही असतो, पण नावापुरता. तो बाटलीत भरून आणायचा आणि लेझरच्या उजेडानं त्याच्या कणांना एका दिशेला तोंड करून उभं करायचं. नमाजाला सफ, म्हणजे रांग, लावतात तसं. एकेकटा कण कुजबुजला तर मशीनला काय कळणार? पण सगळे एका दिशेला तोंड करून एकदम बोलले की ऐकू जातं. असा रांगेत लावलेला वायू पिशवीत भरायचा, माणसाला मशीनमध्ये निजवायचं, छातीवर एक जाकीट चढवायचं आणि नळीतून तो वायू ओढायला लावून श्वास धरायला सांगायचं. दहा-पंधरा सेकंदांत चित्र तयार.

यात मेख अशी की रांग टिकत नाही. पिशवी भरली की लगेच मोडायला लागते, आणि छातीतल्या प्राणवायूत तर फारच भराभर. म्हणून पिशवी हातात आली की आम्ही चालत नसू, पळत असू. आणि सगळं अवलंबून एका श्वासावर. माणसानं तो अर्धा घेतला, खोकला, हसला, तर पिशवी वाया. त्यामुळं तिथलं माझं खरं काम मशीनचं नव्हतंच. श्वास घ्यायला शिकवायचं होतं. दिवसभर मी परक्या माणसांना सांगत बसायचो, सोडा, आता घ्या, अजून घ्या, तळापर्यंत घ्या, धरा. पिंजाऱ्याचा पोरगा, जन्मभर वरच्या वर घ्यायला शिकलेला, आणि पगार कशाचा, तर तळापर्यंत घ्या म्हणायचा.

पहिल्यांदा ते चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. एरवी जिथं काळे खड्डे तिथं पांढरंशुभ्र काहीतरी फुललं होतं. मोकळं, हलकं, कडा धुरकट. शेजारचा म्हणाला, सुंदर आहे ना. मी काय सांगणार त्याला? पडद्यावर आमच्या दुकानातला कापूस होता, नुकता पिंजून पडलेला. मला घराची आठवण आली.

म्हणजे त्या चित्रात पांढरं ते चांगलं. वारं पोचतं तिथं पांढरं. पोचत नाही तिथं काळं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. या वायूनं आवाज घोगरा होतो, फुगेवाल्याच्या वायूच्या अगदी उलट. चर्चमध्ये गाणाऱ्या एक बाई होत्या, बारीक गोड आवाजाच्या. श्वास सोडून त्यांनी आभार मानले ते एखाद्या फौजदाराच्या आवाजात. स्वतःच दचकल्या, मग हसायला लागल्या, मग आम्ही सगळेच पोट धरून हसलो. हे मी अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी ते पिलं की बाई बाप्यावानी बोलती?" मी व्हय म्हटलं. "मग तुज्या अम्मीला दिऊ नगंस. आत्ताच लई हाय." मागून अम्मीचा आवाज आला, आणि खरंच, तिला वायूची काही गरज नव्हती.

एक नर्स आली होती, तरुण. आजारातून उठली, पण दम जाईना. सगळ्या तपासण्या ठीक. सगळे म्हणायचे, मनाचं आहे. आमच्या चित्रात दिसलं की वारं छातीत पोचतंय, पण तिथून रक्तात उतरायला पाहिजे तितकं उतरत नाहीये. डॉक्टरांनी तिला बोट ठेवून दाखवलं. ती रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, मला याची प्रत द्या, नवऱ्याच्या उशाशी लावते. दुखणं सापडल्यावर माणसाला आनंद होतो, हे मी तिथं शिकलो.

पण सगळ्यांत जास्त आठवतो तो जॉर्ज. खाणीत कोळसा काढलेला म्हातारा. त्याचं चित्र आलं, त्यात पांढरं थोडं आणि काळे डाग फार. तो बराच वेळ बघत राहिला आणि त्यानं विचारलं, "हा कोळसाच ना?" डॉक्टरांनी सांगितलं, नाही, जिथं तुझा श्वास जात नाही ती ही जागा. जॉर्ज मान हलवून म्हणाला, "डावीकडचं आळशी आहे हे मला ठाऊक होतं." आणि त्याच्या चेहऱ्यावर मी एक निवांतपणा बघितला. बरं होणार नव्हतं काही, पण कुठं काय आहे ते कळलं होतं.

त्या दिवशी सारखं एकच मनात येत होतं. इथं जॉर्जला कळलं, त्या नर्सला कळलं, आणि माझे अब्बा लोहाऱ्यात रोज विचारतात, किती रुई हाय बघून सांग. ज्याचं त्याचं फुप्फुस मी रोज बघतो, ज्याचं बघायचं तेच सातासमुद्रापार. मला ते बघायचं होतं. मुलगा म्हणून म्हणा, पिंजारी म्हणून म्हणा, मला अब्बांचं फुप्फुस पांढरं झालेलं बघायचं होतं. अर्धं तर अर्धं.

केंद्राला अशी माणसं हवीच असायची. मी आमच्या मोठ्या डॉक्टर बाईंना विचारलं. कापसात काम केलेला माणूस म्हटल्यावर त्या म्हणाल्या, तुला भेटायला येतील तेव्हा घेऊन ये, सगळं रीतसर करू. अब्बांनी पासपोर्ट काढला. नवी टोपी घालून काढलेला फोटो अम्मीनं मला पाठवला, त्यात ते इतके गंभीर की जणू निकाहाला उभे. गल्लीत त्यांनी सांगून टाकलं, "पोराकडं चाललोय, वारं प्यायला." आणि त्याच हिवाळ्यात छातीत कफ होऊन सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, विमानात बसायचं नाव काढू नका. अब्बांनी ते मला फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तूच ये."

मी आलो. लोकांना वाटलं नोकरी गेली. वाटू दे. येताना त्या केंद्रातली एक पिशवी घेऊन आलो. नळीचा चाप जरा वाकडा म्हणून टाकून द्यायला काढलेली, कोरी. मशीन आणता येत नाही, वायू आणता येत नाही, निदान पिशवी. अम्मीनं ती शेक द्यायची पिशवी समजून खुंटीला अडकवून ठेवली.

धाराशिवला एमआरआय सेंटरवर लागलो. तो वायू, ती लेझर, यातलं इथं काही नव्हतं, आणि जवळपास कुठं असल्याचं माझ्या माहितीत नव्हतं. मग एक दिवस अब्बांची पाठ धरली, हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय सांगितला. मीच काढला. मणक्याच्या आधी मशीन अख्ख्या छातीचं एक ढोबळ चित्र काढतं, नीट नेम धरता यावा म्हणून. काम झाल्यावर अब्बा कपडे घालून माझ्या खोलीत आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. पडद्यावर तेच चित्र होतं.

"ह्यो मी?"

"व्हय अब्बा."

"ह्ये दोन काळं काय हाय?"

"तुमची फुप्फुसं."

अब्बा वाकले. नाक पडद्याला लागेल इतके वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आणि मग सरळ उभे राहिले. इतके सरळ उभे राहिलेले मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"पांढरं कायबी न्हाय आत," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत बाहेरून पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला, आणि अब्बा बाहेर जाऊन अम्मीला सांगत होते, "साफ हाय. काळंभोर. एक धागा न्हाय रुईचा."

आता यात हसावं का रडावं? जन्मभर पांढऱ्याची भीती घेतलेल्या माणसाला काळं दिसलं, म्हणजे त्याच्या हिशेबी सुटकाच झाली. जॉर्जला काळं म्हणजे कोळसा वाटला, अब्बा काळ्यानं खूश झाले. तो कोळशातला, हे रुईतले. दुसऱ्या कुणी अशी चूक केली नसती. मला ते चित्र पुसून टाकावंसं वाटलं. आणि दुसऱ्या बाजूनं वाटलं, असू दे की. माणूस हसतोय.

पण तसं असू देता आलं नाही, कारण दुसऱ्याच दिवसापासून अब्बांनी शेड परत सुरू केली. आजारानंतर मोठ्या मुश्किलीनं अम्मीनं त्यांना तिथून बाहेर काढलं होतं. आता कोण ऐकणार? मशीननं साफ सांगितलंय म्हटल्यावर झालंच. लग्नसराई तोंडावर, गाद्यांची मागणी. मी संध्याकाळी घरी आलो की शेडमधून मोटारीचा आवाज आणि त्या आवाजाच्या वर अब्बांचा खोकला. अम्मी माझ्याकडं बघायची. "तूच दाखवलंस, आता तूच सांग," एवढंच म्हणायची.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. ओट्यावर कुणाच्या तरी घरची जुनी गादी उसवायला पडली होती. मी म्हटलं, "अब्बा, त्या चित्रात काळं दिसलं ना, ते साफ म्हणून काळं न्हाय. इथल्या मशीनला तिथलं काय दिसतच न्हाय. माझंबी काढलं तरी काळंच येणार. ह्या बाळूचंबी काळंच." बाळू म्हणजे शेजारच्या पंक्चरवाल्याचा बोकड.

"मग तिकडं तुज्या मशिनीत कसं दिसतं?"

"तिकडं चांगलं फुप्फुस पांढरं दिसतं. पिंजल्याली रुई कशी दिसती, तसं."

अब्बांचा हात छातीवर गेला. "म्हंजी समद्यांच्यात रुई हाय? गोऱ्यांच्यातबी?"

माझंच चुकलं. कुठली उपमा कुणाला द्यावी याला काही धरबंद असतो. मी ती जुनी गादी पुढं ओढली. अब्बांनी सवयीनं टाके उसवायला घेतले. आत रुईचे गोळे झाले होते, दगडासारखे, मधे मधे थोडी मऊ जागा. मी एक गोळा त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या छातीत रुई साचल्याली न्हाय, अब्बा. बाहेरनं आल्यालं काही तिथं बसलं न्हाय. छातीच अशी झाली असंल. ही जागा मऊ हाय, हितनं वारं जातं. हा गोळा झालाय, हितनं जात न्हाय. आन् शेडात बसलं की गोळे वाढत्यात."

अब्बांनी तो गोळा दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी सोडवून बघितला. सुटेना. हातातली विद्या त्यांना सांगत होती की हा कशानं सुटतो.

"पिंजाय पायजे ह्येला."

"रुई पिंजता येती. छाती पिंजता येत न्हाय."

त्यांनी गोळा मांडीवर ठेवला. रस्त्यावरून लोहारा-उमरगा गाडी गेली, तिचा धुरळा खाली बसला. मग त्यांनी विचारलं, "किती गोळं हायत, कुठं कुठं हायत, ते तुजी तिकडची मशीन सांगती?"

"सांगती."

"आन् हितली?"

"न्हाय."

संध्याकाळी त्यांनी स्वतः मोटारीचा पट्टा उतरवला, गुंडाळला आणि खुंटीवर टांगला. ती पिशवी होती त्याच खुंटीवर. पिंजाऱ्यानं मशीनचा पट्टा उतरवणं म्हणजे काय, ते मला आणि अम्मीला कळलं. तिनं चहा केला. रुई पुढं उमरग्याहून पिंजून यायला लागली, अम्मी गाद्या शिवायची, अब्बा सुईत दोरा ओवून द्यायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, उन्हं कलल्यावर, ओट्यावर बसलेले असताना त्यांनी खुंटीकडं बोट केलं. "ती पिशवी आण. तिकडं माणसांकडनं कसं करून घ्यायचास, मला दाव."

"अब्बा, वायू कुठाय?"

"वारं हाय की."

पंक्चरवाल्याकडून सायकलचा पंप आणला. पिशवी भरली. शेजारची दोन माणसं बघायला थांबली, त्यांना अम्मीनं वाटेला लावलं. मी नळी अब्बांच्या तोंडात दिली, नाकाला चिमटा म्हणून माझी दोन बोटं धरली, आणि माझ्या नकळत माझा तिकडचा आवाज लागला. सावकाश, खालचा, पेशंटला धीर देणारा. "आता सोडा. सगळं सोडा. आता घ्या."

त्यांनी घेतला. वरच्या वर. पिशवी जेमतेम हलली.

"अजून घ्या."

पुन्हा तेवढाच. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. नळी काढून ते म्हणाले, "ह्याच्या म्होरं जात न्हाय."

जात नव्हतं हे खरंच होतं. पण सगळंच गोळ्यांमुळं नव्हतं. हजारो माणसांचे श्वास बघितल्यावर तेवढं कळतं. आजारानं अडलेला श्वास वेगळा आणि भीतीनं धरलेला वेगळा. अब्बांचा गळ्यापाशी येऊन थांबत होता. तिथं कुणीतरी उभं राहून त्यांना अजून सांगत होतं, वरच्या वर घे.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अब्बा, हितं रुई न्हाय. शेड बंद हाय. पट्टा तुमीच उतरवलाय. आता तळापर्यंत घ्या."

त्यांनी मान वळवून शेडकडं बघितलं. दाराला कडी होती. पत्र्यावर ऊन होतं, हवेत काही उडत नव्हतं. मग त्यांनी नळी तोंडात घेतली, डोळे मिटले आणि ओढलं. माझ्या तळहाताखाली त्यांची पाठ उघडत गेली. जन्मात पहिल्यांदा मला त्या बरगड्या हलताना कळल्या. पिशवीची एक बाजू आत गेली, मग दुसरी, आणि ती पार चपटी झाली.

"धरा," मी म्हणालो.

त्यांनी धरला. फार वेळ नाही, तिकडच्या चित्राला पुरला असता की नाही कोण जाणे. त्या तेवढ्या वेळात मी हात हलवला नाही. माझ्या हाताखाली ते फुप्फुस होतं, भरलेलं, कुठं मऊ, कुठं गोळा झालेलं. मला ते बघायचं होतं. आयुष्यात दुसरं काही बघायचं राहिलं नाही इतकं बघायचं होतं. आणि दिसत होता तो नुसता त्यांचा सदरा, पाठीवर उसवलेला, अम्मीनं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला.

त्यांनी श्वास सोडला, नळी काढली आणि लहान मुलासारखं माझ्याकडं बघितलं.

"काय दिसलं?"

"काय न्हाय, अब्बा. हितं दिसत न्हाय."

"तू नीट बघितलं न्हाईस," ते म्हणाले. "भर परत."

मी पंप मारून पिशवी भरली. या वेळी त्यांनी नळी माझ्या हातातून स्वतःच घेतली, शेडकडं पाठ केली आणि मी काही म्हणायच्या आत तळापर्यंत श्वास घेतला.